भिंगऱ्याची ताडपत्री

भिंगऱ्याला बसलेलं मी फार उशिरा पाहिलं. तोवर तो मला उभा, चालता, सायकल हाणताना, एसटीच्या दारात लोंबकळताना, भिंतीला एक पाय लावून शेंगा खाताना, असाच ठाऊक होता. वर्गात गुरुजी ओरडायचे, "अरे, बूड टेक ना जरा!" तर हा बाकावर अर्धाच टेकायचा, उरलेला अर्धा दाराकडे. पायाला भिंगरी लागलेली माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमच्या आर्वीत मात्र ती भिंगरी पायावरून थेट नावावर चढली. त्याचं खरं नाव फक्त त्याची आई घ्यायची, आणि चिडली की तीसुद्धा भिंगऱ्याच म्हणायची.

त्याचा एक कायदा होता. निघताना "कुठी?" विचारायचं नाही. तशी आपल्याकडे रीतच आहे, बाहेर पडणाऱ्याला कुठे म्हणून टोकू नये, काम होत नाही. पण बाकीचे लोक ती रीत परीक्षेला, सोयरिकीला पाळतात. हा पानठेल्यावर जातानासुद्धा पाळायचा. "चाल, निघू," एवढंच म्हणायचा आणि सुटायचा. चुकून कोणी "कुठी बे?" म्हटलं की संपलं! सायकल स्टँडवर लावून तोंड पाडायचा. "टोकलं ना लेका! आता काय खाक जमते?" मग घरात जायचा, माठातलं पाणी प्यायचा आणि पुन्हा नव्याने निघायचा. मी आणि दिल्या मुकाट्याने त्याच्या मागे. दिल्या आमचा तिसरा. त्याच्या घरची भाजीची वाडी होती, त्यामुळे आमच्या सगळ्या पार्ट्यांना वांगी-मिरच्या त्याच्याकडून.

भिंगऱ्याच्या बाबूजींचं दुकान मार्केटच्या रस्त्यावर होतं. ताडपत्री, दोर, बारदाना असा माल. बाबूजी सकाळी तक्क्याला टेकून गादीवर बसायचे ते दिवे लागेपर्यंत. वर्षानुवर्षं बसून त्या गादीत खळगा पडला होता, आणि भिंगऱ्याला त्या खळग्याची भीती वाटायची. गंमत म्हणून नव्हे, खरोखरची. "एक दिवस मले त्याच खड्ड्यात बसवतीन, पाहजो," असं म्हणून तो दुकानाच्या पायरीवरूनच पळ काढायचा. नव्वदीतली ही गोष्ट. आमचं कॉलेज संपायला आलं आणि बाबूजींच्या छातीत दुखू लागलं. घरात ठरलं, की गुढीपाडव्यापासून भिंगऱ्याने गादीवर बसायचं.

"पाडव्याच्या आंधी समुद्र पाहून येऊ," तो म्हणाला. आमच्यापैकी कोणी समुद्र पाहिला नव्हता. खिशात फारसं काही नव्हतं, म्हणून लॉज नाही, हॉटेल नाही, वाळूतच झोपायचं. तयारी केली ती आम्हाला येत होती तशी, म्हणजे नदीवरच्या रोडग्यांच्या पार्टीची. कणीक, तूप, दिल्याची वांगी, आणि रोडगे भाजायला पोतंभर गोवऱ्या. हो, आम्ही आर्वीहून कोकणात शेणाच्या गोवऱ्या नेल्या! हसा खुशाल. दिल्याने पाण्याच्या कॅनचं नाव काढलं तर भिंगऱ्या त्याच्यावर खेकसला, "नदीवर पाणी नेतो का आपण? रेतीत झिरा खांदला का झालं." नदीच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, झिरपून आलेलं पाणी गाळीव, थंडगार. लहानपणापासून आम्ही तेच प्यालो होतो. तंबूसाठी बाबूजींनी स्वतः नवी निळी ताडपत्री काढून दिली. चारी कोपऱ्यांना आपल्या हाताने दोर ओवले आणि म्हणाले, "समुद्राचं वारं मोठं राह्यते म्हनते. घट्ट बांधजो."

पुलगावहून जनरल डब्यात शिरलो. दिल्या गोवऱ्यांच्या पोत्यावर झोपला. भिंगऱ्या अर्थातच दारात उभा. मी शेजारी गेलो तर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "मी वापस येऊन नाई राह्यलो."

"म्हणजे?"

"समुद्र पाहून झाला का मी तिकडूनच मुंबईले. काई बी करीन. तू घरी सांगजो."

झालं, माझी झोप उडाली. बाबूजींना मी काय सांगणार होतो? पोरगा समुद्रावर ठेवून आलो म्हणून? त्याला थांबवावं म्हटलं तर त्याचं तोंड इतकं खुललेलं, की जीभ रेटेना. थांबवू नये म्हटलं तर डोळ्यांपुढे दोर ओवणारे ते हात. तिथून पुढचा सगळा प्रवास माझा जीव टांगणीला होता आणि तो आपला वाऱ्याला तोंड देऊन गाणी म्हणत होता.

कल्याणला उतरलो, एसट्या बदलल्या आणि दुपार कलताना समुद्र दिसला. भिंगऱ्या ओरडला नाही, नाचला नाही. नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "पाह्य बे, हे बी एका जागी राह्यत नाई." आणि लगेच कामाला लागला. पाण्याजवळची ओली, घट्ट वाळू बघून तिथेच ताडपत्री ठोकली. नदीकाठी आपण असंच करतो. तिथे पाऊस नसला तर पाणी आपल्या जागेवरून हलत नाही. मग झिरा खांदला. पाणी आलं, त्याने ओंजळ भरून घेतली आणि थू करून टाकली. "खारं हाय! जरा वर खांदू." वर खांदला, तेही खारं. मग डावीकडे, मग उजवीकडे. सगळ्या किनाऱ्याला खड्डे पाडून ठेवले पठ्ठ्याने. आम्ही तहानेने कावलो आणि हा म्हणतो, "गोड लागंन बे, थांब ना!"

सूर्य बुडायला आला तेव्हा दिल्या गोवऱ्या पेटवत होता. तो म्हणाला, "काऊन बे, समुद्र जवळ येऊन राह्यला का?" आम्ही त्याला वेड्यात काढलं. भरती हा शब्द भूगोलात वाचला होता, पण भूगोलातली गोष्ट आपल्या रोडग्यांवर चालून येईल असं कोणाला वाटतं? बघता बघता झिरे भरले, चूल फुस्स झाली, वांगी तरंगायला लागली. आम्ही पिशव्या उचलून वर पळालो. मागे एक लाट आली, तिने ताडपत्रीचे खुंटे उपटले आणि ताडपत्री घेऊन परत निघाली.

"जाऊ दे!" मी ओरडलो. पण भिंगऱ्या उलटा धावला. गुडघाभर, कमरेभर, छातीभर. ज्या दुकानातून त्याला पळायचं होतं, त्याच दुकानाची ताडपत्री धरायला तो समुद्रात शिरला होता. "बाबूजीनं बांधून देल्ली होती बे!" एवढंच ऐकू आलं, मग डोकं दिसेना. मी देवाला काय काय बोललो ते सांगत नाही. दिल्या आणि मी हात धरून आत गेलो आणि त्याला केसांना धरून ओढून आणलं. ताडपत्री गेली होती. त्याच्या मुठीत एका कोपऱ्याचा दोर तेवढा राहिला होता. आधी मी त्याला दोन थपडा मारल्या, मग मिठी मारून रडलो. तो मुठीतला दोर दाखवत म्हणाला, "गाठ नाई सुटली. कोपराच फाटला."

रात्र सुरूच्या झाडांखाली ओल्या कपड्यांत काढली. सकाळी एका घरी पाणी मागितलं, ते गोड होतं. कल्याणला मुंबईची लोकल एका बाजूला आणि आमची गाडी दुसऱ्या. मी त्याच्या पायांकडे बघत उभा. भिंगऱ्या आमच्या आधी नागपूरकडच्या डब्यात चढला. विचारावंसं फार वाटलं, पण त्याचा कायदा होता, नाही विचारलं.

पाडव्याला तो दुकानात आला, पण गादीवर बसला नाही. बाबूजींसमोर कसं बसायचं, म्हणाला. काही वर्षांनी बाबूजी गेले, तरी हा उभाच. उभ्याने ताडपत्री मोजायचा, उभ्याने डबा खायचा. गिऱ्हाइकांना वाटायचं, काय विनम्र माणूस! मला ठाऊक होतं, तो अजून निघायच्या तयारीत होता. वरच्या फळीवर त्याने एक निळी ताडपत्री पुन्हा समुद्रावर जायला म्हणून वेगळी काढून ठेवली होती. कोणी मागितली तर म्हणायचा, "ते बुक हाय." दर मार्च महिन्यात त्याचा निरोप यायचा, "यंदा पक्कं. येजो." आणि दरवर्षी काहीतरी आडवं यायचं. माझी बाहेरगावची नोकरी, तिथलं घर, दिल्याची वाडी, पोरांच्या शाळा.

मग एका ऑक्टोबरात मी आर्वीला गेलेलो असताना भर दुपारी आभाळ फाटलं. मार्केटात सोयाबीनचे ढीग उघडे पडले होते. माणसं धावत दुकानात शिरली. भिंगऱ्या सपासप ताडपत्र्या काढून फेकत होता, नाव विचारणं नाही, गाव विचारणं नाही. माल संपला, तरी एक म्हातारा हात पसरून उभाच. भिंगऱ्याने वर हात घातला.

"अबे, ते समुद्राची हाय!" मी ओरडलो.

"सोयाबीन भिजून राह्यलं ना त्याचं!" तो माझ्यावरच खेकसला आणि ती निळी घडी म्हाताऱ्याच्या अंगावर टाकली. तेव्हा मला त्याचा इतका अभिमान वाटला, की ती फळी आता रिकामी झाली हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

दिवाळी झाल्यावर पुन्हा गेलो तेव्हा फळीवर फवारणीचे पंप रचलेले होते. आणि भिंगऱ्या गादीवर बसला होता. तक्क्याला टेकून, बाबूजींच्या खळग्यात, तंतोतंत. ज्याला 'बस ना बाबा' म्हणता म्हणता आमचं अर्धं आयुष्य गेलं, त्याला बसलेला पाहून माझाच पाय पायरीवर अडला.

"भिंगऱ्या, ऊठ," मी पायरीवरूनच म्हणालो. "चाल, निघू."

त्याने मान वर केली आणि अगदी सहज विचारलं, "कुठी?"

उभ्या जन्मात त्याने मला पहिल्यांदा टोकलं.  दुकानात शिरलो, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी प्यालो, पुन्हा बाहेर पायरीवर गेलो आणि नव्याने म्हणालो, "चाल, निघू."

तो हसला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. उठला मात्र नाही.