सहावं नाव

बसण्याकडे आमच्या ह्यांच्या आतेभावाइतक्या गांभीर्यानं पाहणारा माणूस अख्ख्या मिशिगन राज्यात दुसरा झाला नसेल. आणि कोणी आग्रहच धरला तर मी त्यात बाकीची एकोणपन्नास राज्यंही धरायला तयार आहे. भाऊजी डेट्रॉइटच्या एका मोटार कंपनीत सीटा तयार करणाऱ्या खात्यात इंजिनिअर होते. माणसाचं बूड, पाठ, गुडघा आणि टाच यांचं एकमेकांशी काय नातं असावं, या एकाच विचारात त्यांनी उमेदीची वर्षं घालवली होती. कोणाच्याही घरी गेले की आधी खिशातून टेप काढायची, सोफ्याची उंची मोजायची आणि मग बसायचं की नाही ते ठरवायचं. एकदा जवळच्या नोव्हाय गावात एका नव्या घराच्या सत्यनारायणाला आम्ही सगळे गेलो होतो. यजमानांनी नवा कोरा चामड्याचा सोफा मोठ्या कौतुकानं दाखवला. भाऊजींनी तो उभा-आडवा मोजला, मान हलवली आणि सगळा वेळ खाली सतरंजीवर मांडी घालून बसले. "सोफा देखणा आहे," ते म्हणाले, "फक्त माणसासाठी नाही बनवला." त्यानंतर यजमानीणबाईंनी त्यांच्या द्रोणात प्रसाद घालताना हात कसा आखडता घेतला, ते मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुसरी खोड घड्याळाची. वहिनींच्या गळ्यात मंगळसूत्र आणि भाऊजींच्या गळ्यात स्टॉपवॉच, असं ते जोडपं होतं. सिग्नल किती वेळ लाल राहतो, बँकेतली बाई एका माणसाला किती वेळ हसते, सगळं मोजायचं. एकदा आमच्या दारात 'बरं, निघतो' म्हटल्यापासून पाहुण्यांची गाडी सुरू होईपर्यंत एक्केचाळीस मिनिटं लागली. भाऊजींनी ती जाहीर केली आणि त्यातली सव्वीस माझ्या नावावर टाकली. मी चिडले. मी लवकर चिडते, त्याला माझा इलाज नाही. भाऊजी चिडत नसत. नागपूर सोडून वीस वर्षं झाली तरी बोलणं तिथलंच होतं. "अगं शैला, मी कुठे तुला बोलून राहिलो? घड्याळ बोलून राहिलं," म्हणाले.

आम्ही त्या घड्याळाला हसायचो, पण ते त्यांच्या गळ्यात आलं कशासाठी हे आम्हाला ठाऊक होतं. सुमी त्यांची एकुलती एक मुलगी. जन्मापासून चालणं डुगडुगतं, बोलणं चार-पाच शब्दांचं, शिकणं तिच्या तिच्या गतीनं. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून गावातली शाळा दिसायची. पायी चार मिनिटं. मधल्या सुट्टीतला मुलांचा गलका सिंकपाशी ऐकू यायचा. पण त्या शाळेत सुमीसारख्या मुलांसाठी वर्ग नव्हता. तो होता काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दुसऱ्या टोकाला, एका सेंटरमध्ये. पावणेसातला पिवळी स्कूलबस दारात यायची, वाटेत सगळ्या गावांतली मुलं गोळा करायची आणि एक तास दहा मिनिटांनी पोचायची. येताना पुन्हा तेच. हिवाळ्यात पोरगी अंधारात जायची आणि अंधारायच्या बेताला यायची, कधी कपडे ओले करून. अशा मुलांना शिकवलंच पाहिजे, असा कायदा होता. किती लांब नेऊन, ते मात्र आमच्या गावात कोणी विचारत नव्हतं.

भाऊजींनी विचारलं. त्यांनी आधी त्या बसची सीट मोजायची परवानगी मागितली. ती मिळेना, म्हणून ऑफिसात उशिरा जाऊन तीन आठवडे ते आपल्या गाडीतून रोज बसच्या मागे जात राहिले. प्रत्येक थांब्याला स्टॉपवॉच दाबायचं, वहीत लिहायचं. आता कानटोपी घातलेला एक सावळा माणूस रोज मुलांच्या बसमागे हळूहळू गाडी चालवतो आणि काहीतरी लिहून घेतो, हे पाहून कोणती आई गप्प बसेल? चौथ्या आठवड्यात पोलिसानं गाडी बाजूला घ्यायला लावली. भाऊजींनी लायसन्सऐवजी आलेख पुढे केला. पोलिसानं तो उलटा धरून बराच वेळ पाहिला, पण त्यालाही शेवटी त्या बसमध्ये या माणसाचीच मुलगी आहे हे कळलं असावं. "सर, गो होम," एवढंच म्हणून त्यानं सोडलं. भाऊजींनी तीही नऊ मिनिटं वहीत 'इतर विलंब' म्हणून लिहिली.

मग सुरू झाल्या स्कूल बोर्डाच्या सभा. दर दुसऱ्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजता शाळेच्या कॅफेटेरियात सात माणसं लांब टेबलामागे बसायची. गावातल्या कोणालाही समोरच्या माइकवर तीन मिनिटं बोलता यायचं. आधी नाव आणि पत्ता सांगायचा. तीन मिनिटं झाली की लाल दिवा. भाऊजींचं आडनाव लांबलचक. नाव-पत्त्यातच त्यांचे नऊ सेकंद जायचे. लांब आडनावाच्या नागरिकांचा वेळ आडनावानंतर मोजावा, असा त्यांनी लेखी अर्ज केला होता. तो फेटाळला गेला. पण त्यांनी त्यावर जो तोडगा काढला तो फक्त त्यांनाच सुचू शकतो. लाल दिवा लागला की ते असतील त्या शब्दाला थांबायचे, मान लववून खाली बसायचे आणि पंधरा दिवसांनी नाव-पत्ता सांगून पुढच्या शब्दापासून सुरू करायचे. मध्ये 'नमस्कार' नाही, 'मागच्या वेळी मी म्हणत होतो' नाही. पहिल्यांदा ते उठले आणि एकदम "अँड देअरफोर" म्हणाले, तेव्हा बोर्डाची माणसं एकमेकांकडे पाहू लागली. पुढे पुढे त्यांनाही सवय झाली. अध्यक्षीणबाई तर, "तुम्ही 'कारण' या शब्दापाशी होतात," अशी आठवण करून द्यायच्या. दीड वर्षात ते भाषण काही संपलं नाही. वहिनी दर वेळी बोर्डासाठी डबाभर चिवडा द्यायच्या, तो मात्र तिथल्या तिथे संपायचा.

शेवटी बोर्डानं उत्तर दिलं. पाच ते बारा वयाची निदान सहा मुलं गावात असतील तर सप्टेंबरपासून एक शिक्षिका आणि एक खोली देऊ. सहा मुलांच्या आईबापांनी तपासणीला संमती द्यायची, सही करायची. पाचांवर वर्ग नाही. सुमी तेव्हा दहा वर्षांची होती. भाऊजींनी बसच्या वहीतून पाच नावं काढली, सुमी धरून. सहावं काही मिळेना. गावातल्या ज्या मराठी घरांबद्दल त्यांना शंका होती तिथेही ते जाऊन आले. चहा मिळाला, चकल्या मिळाल्या, आणि "आमच्याकडे तसं काही नाही हो" हेही मिळालं. एका घरात तसं काही माडीवरच्या खोलीत टीव्ही पाहत बसलं होतं. थोरल्या मुलीच्या लग्नात आडवं येईल, म्हणून ते पाहुण्यांसमोर खाली येत नसे.

दुसऱ्यांना कशाला नावं ठेवू? आमची केतकी पाच वर्षांची झाली होती आणि बोलत नव्हती. मी सगळ्यांना सांगायचे, लाजाळू आहे. हे म्हणायचे, घरात मराठी, बाहेर इंग्रजी, पोर गोंधळते. डॉक्टरांनीही घरात एकच भाषा बोला असा सल्ला दिला, आणि आम्ही शहाण्यांनी घरातलं मराठी बंद केलं. झालं! माझं इंग्रजी दुकानातल्या पावतीपुरतं. ज्या भाषेत मला धड रागावता येत नव्हतं, तिच्यात मी लेकीचे लाड कुठून करणार? घर मुकं झालं. केतकीला येत होते ते 'आई' आणि 'दूद' हे दोन शब्दही गेले. आमच्या घरात येऊन तिच्याशी मराठीत बोलणारा एकच माणूस उरला. "धर बाई हे टोक," म्हणून भाऊजी टेपचं टोक तिच्या हातात द्यायचे, आणि ती ते दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी राहायची. आमचं सगळं घर मोजून होईपर्यंत हलायची नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी ते तो कागद घेऊन माझ्याकडे आले. वहिनी आणि सुमीही बरोबर होत्या. पाच नावांखालची कोरी ओळ माझ्यासमोर ठेवली आणि पेन ठेवलं. माझं डोकं फिरलं. "भाऊजी," मी ओरडले, "माझी मुलगी तुमच्या मुलीसारखी नाहीये!"

सुमी तिथेच बसली होती. तिला शब्द कळले की नाही कोण जाणे, आवाज कळला. वहिनी उठून तिचा कोट घालू लागल्या. भाऊजींनी कागदाची नीट घडी केली. "नाहीच," म्हणाले. "सुमी चांगली एक फुटानं उंच आहे." आणि दारात थांबून त्यांनी मला सांगितलं, "त्या खुर्चीत केतकीचे पाय जमिनीला टेकत नाहीत, पाहून राहिली ना? पाय लोंबकळत असले की माणसाचं कशातच लक्ष लागत नाही." पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः तयार केलेला एक लाकडी पाट आणून तिच्या खुर्चीखाली ठेवला. कागदाचा विषय पुन्हा कधी काढला नाही. मी माफी मागायला हवी होती. मी त्यांना पोहे दिले.

त्या सप्टेंबरात वर्ग झाला नाही. केतकी गावातल्या शाळेत बालवर्गात बसली, पुढच्या वर्षी पहिलीत गेली, आणि पहिलीतल्या नाताळच्या आधी बाईंनी आम्हाला बोलावून घेतलं. बाई भल्या होत्या, बोलताना त्यांचेच डोळे भरून आले. केतकी दिवसभर टेबलाखाली बसते, म्हणाल्या. तपासणी झाली, कागद आले. जानेवारीपासून तिला सेंटरला पाठवायचं ठरलं, पिवळ्या बसनं.

त्या पहिल्या सकाळी बर्फ पडत होता. केतकीनं माझा कोट दोन्ही मुठींत धरला होता, तशी ती टेप धरायची. आमचा थांबा सुमीनंतरचा. बस आली आणि तिच्यामागे भाऊजींची गाडी आली. ते उतरले, टोपीवरचा बर्फ झटकला, केतकीच्या मुठी हळूच सोडवल्या आणि टेपचं टोक तिच्या हातात दिलं. बाकीची टेप बसमध्ये सुमीच्या हातात होती. ती टेप धरून आमची पोर पायऱ्या चढली. "सुमीजवळची जागा ठेवली आहे तिला," भाऊजी म्हणाले. "खिडकीची. हीटर तिकडेच आहे."

त्याच दिवशी मी त्यांच्या घरी जाऊन तो कागद मागितला. त्यांनी तो फ्रिजच्या वरून काढला, दोन वर्षांपूर्वीच्याच घडीतला. मोठी झालेली नावं जाऊन खाली नवी आली होती, पण आकडा पाचावरच अडला होता. मी सही केली. बोर्डानं शब्द पाळला, सप्टेंबरात वर्ग सुरू झाला. पण सुमीला जुलैमध्ये तेरा वर्षं पूर्ण झाली, आणि वर्ग होता बारा वर्षांपर्यंतच्या मुलांचा. मला हे ऑगस्टमध्ये कळलं. मी धावत त्यांच्याकडे गेले. भाऊजी अंगणात गवत कापत होते. "तुम्हाला ठाऊक होतं?" मी विचारलं. "वयाचं गणित आहे शैला," ते मशीन बंद करून म्हणाले. "त्यात काय ठाऊक नसायचं?" कागदावर सुमीचं नाव नव्हतंच. मी सही करताना वरची नावं वाचलीसुद्धा नव्हती.

शाळेच्या पहिल्या दिवशी केतकी आणि मी चालत निघालो. भाऊजी आपल्या दारात उभे होते, सुमीची बस केव्हाच गेली होती. आम्ही समोरून जाताना त्यांनी स्टॉपवॉच दाबलं, आणि आम्ही शाळेत शिरेपर्यंत पाहत राहिले. परत येताना मला त्यांचं दार ओलांडून जाववेना. मी तिथेच रडू लागले. "अगं, रडून काय राहिली?" ते म्हणाले. "चार मिनिटं वीस सेकंद. पहिल्या दिवसाच्या मानानं उत्तम. आणि केतकीचा थांबा गेल्यामुळे सुमीचेही सहा मिनिटं वाचले." ते खरोखर आनंदानं सांगत होते. वहिनी खिडकीत होत्या. त्यांनी मला हात केला नाही, आणि मला त्याचा राग आला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी भाऊजी पुन्हा माइकवर उभे राहिले, आता मोठ्या मुलांच्या वर्गासाठी. तो वर्गही पुढे झाला, पण तोवर सुमीचं त्याचंही वय उलटून गेलं होतं. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले होते. नेहमीप्रमाणे लाल दिवा लागला, "अँड देअरफोर"पाशी ते थांबले आणि मान लववून खाली बसले. मी उठले. का उठले ते मला आजही सांगता येत नाही. माइकशी जाऊन नाव सांगितलं, पत्ता सांगितला आणि म्हणाले, "अँड देअरफोर." मग माझ्या पावतीपुरत्या इंग्रजीत सांगितलं की मी केतकीची आई. माझी मुलगी चालत शाळेत जाते. त्यांची मुलगी अजून बसनं जाते, एकटी. कारण त्यांनी दिलेला कागद मी सही न करता परत केला होता. टेबलामागे कोणी चिवड्याला हात लावत नव्हतं.

मी जागेवर येऊन बसले. भाऊजींनी स्टॉपवॉच माझ्यापुढे धरलं. "सात सेकंद उरले होते," ते कुजबुजले. "वाया घालवले तू."

माझ्यामुळे सुमीची दोन वर्षं गेली होती. त्याबद्दल ते कधी एक शब्द बोलले नाहीत.