हौद धुणारे चाचा

सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांतून एकदा पाणी, त्यामुळे घरोघरी जमिनीखाली हौद. आमचा हौद धुणारे चाचा चपला काढतात, ओठांतल्या ओठांत कुराणातली आयत म्हणतात आणि मगच आत उतरतात.

"अंधारातल्या जिनाला, भुताखेताला लई भ्यायचो. गळ्यात तावीज असल्याबिगर उतरत नव्हतो," ते एकदा म्हणाले. "एक दिवस दोरा तुटून तावीज पाण्यात गेला. तवा आयत म्हनतच काम पुरं केलं. परत बांधला न्हाय."

परवा माझ्या हातातला टॉर्च विझला. हौदात मिट्ट काळोख झाला. मी ओरडले, "चाचा, वर या!"

खराटा थांबला नाही. "माज्यासंगं अल्ला हाय की. वर तुमीच एकट्या हायसा, ताई. तुमच्या देवाचं काय येतं ते म्हना."

मला एक ओळसुद्धा आठवेना.