तहान ही सवय आहे

घामाबद्दल मला कुणी शिकवू नये. तीस वर्षं मी योगासनांचा वर्ग चालवला, शाळेच्या वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये, सकाळी सहा ते सात, खिडक्या सताड उघड्या ठेवून. थंडीत बायका कुडकुडायच्या, पण खिडकी लावू दिली नाही. दारावर माझ्या अक्षरात पाटी होती: 'उशिरा येणाऱ्यांनी आल्या पावली परत जावे. वर्गात पाणी पिऊ नये. तहान ही सवय आहे. शवासनापूर्वी उठू नये. उठायचेच असल्यास पुन्हा येऊ नये.' लोक पाटीचे फोटो काढून हसायचे. हसा म्हणावं, पण पाळायचे सगळे.

पाळणाऱ्यांत पहिला नंबर मोमिनपुऱ्यातून येणाऱ्या एकीचा. नवऱ्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, घरात सासू, दीर, चार पोरं. पहाटेची नमाज झाली की थेट वर्गात. बावीस वर्षांत एक दिवस उशीर नाही. मी तिला अगंतुगं करायची, ती मला 'बाई' म्हणायची. ईदला तिच्याकडून शीरखुर्मा यायचा, दिवाळीला माझ्याकडून चकल्या जायच्या. मैत्रीण म्हणायला काही हरकत नव्हती. मी म्हटलं नाही. मी तिची बाई होते आणि मला तेच आवडायचं.

साठीला तिचे गुडघे धरले. वज्रासन सुटलं, आणि वज्रासन सुटलं म्हणजे नमाजातलं बसणंही सुटलं. घरात खुर्ची आली. "बाई, आयुष्यभर जमिनीवर डोकं टेकलं, आता खुर्चीवरून मान वाकवायची?" म्हणताना तिचे डोळे भरले होते. मी तिच्याकडून वर्षभर सगळं करून घेतलं, उशा दिल्या, पट्टे दिले, रागावलेही. गुडघा काही वाकेना.

तिची धाकटी सून खराडीला आयटीत. ऑफिसजवळ एक हॉट योगाचा स्टुडिओ निघाला होता. खोली बंद, तापमान चाळीसच्या आसपास, भिंतभर आरसे. रविवारी सून सासूलाही घेऊन जायला लागली. महिन्याभराने ही वर्ग संपल्यावर थांबली. चेहरा नुसता फुललेला.

"बाई, काल मी खाली बसून नमाज पढले. गरमीनं गुडघे सुटले हो!"

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. जे मला वर्षभरात जमलं नाही ते कुठल्याशा तापवलेल्या खोलीला महिन्यात जमलं होतं. मी म्हणाले, "वा! मग आता भट्टीतच राहायला जा." ती हसली, कारण बाईंच्या बोलण्यावर हसायचीच सवय. पण त्यानंतर तिने तो विषय माझ्यापुढे काढला नाही.

मीच काढत राहिले. आमच्या योगशिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज वाद. एक जण लिहायचा, उष्णतेने स्नायू सैलावतात, यात वाईट काय? एका डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, तिथेच धोका आहे. सैल झाल्यासारखं वाटतं आणि माणूस झेपेल त्यापेक्षा जास्त ताणतो. कुणी म्हणे, परंपरेत बदल होतच असतात. मी सगळ्यांना पुरून उरले. पुढे यावर परिसंवाद झाला, तिथेही बोलले: "एप्रिलात पुण्यात राहून ज्यांना घाम कमी पडतो, त्यांच्यासाठी ही सोय आहे." हॉल हसून लोटपोट. पहिल्या रांगेत ती बसली होती. तिनेही टाळ्या वाजवल्या. मला ठाऊक होतं ती अजून रविवारी जाते. तरी मी तिच्याकडे बघून आणखी एक टोमणा मारला.

आणि मेच्या एका रविवारी फोन आला. ती तिथे पडली होती. खुब्याचं हाड मोडलं.

खरं सांगते, रिक्षात बसून मी वाक्यं जुळवत होते. सुनेला काय ऐकवायचं, त्या स्टुडिओवाल्यांची कशी खरडपट्टी काढायची. दवाखान्यात पोचले तर सूनच रडत पुढे आली.

"आंटी, तिथल्या मॅडम तीनदा म्हणाल्या, पाणी प्या, चक्कर येत असेल तर बाहेर बसा. तिथे सगळे बाटली जवळच ठेवतात. मीपण बाटली पुढे केली. अम्मी ऐकतच नाहीत! म्हणाल्या, आमच्या बाईंकडे चालत नाही."

आत गेले. ती पांढरीफटक पडली होती. मला बघून उठायची धडपड केली, मी हाताने थांबवलं.

"बाई, शवासनाआधी उठले नाही हो मी," ती म्हणाली. "पडले, ते वेगळं."

आता त्या नियमाबद्दल सांगते. पहिल्याच वर्षी कुणाची तरी बाटली कलंडून शाळेची सतरंजी भिजली. शिपाई सगळ्यांसमोर मला वाट्टेल ते बोलला. दुसऱ्या दिवशी मी पाटी लावली. 'तहान ही सवय आहे' हे कानाला बरं वाटलं म्हणून जोडलं. शास्त्र नाही, ग्रंथ नाही, काही नाही. सतरंजी.

ग्रुपवर बातमी पोचली. 'बाई, शेवटी तुमचंच खरं ठरलं.' हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी 'धन्यवाद' लिहिलं. पाटी उतरवली, विचारणाऱ्यांना सांगितलं की रंग उडाला होता.

ती आता वॉकरवर चालते. खाली बसायला डॉक्टरांनी कायमचं मना केलंय. परवा ईदला गेले तेव्हा ती खुर्चीवर नमाज पढत होती. मी दारात थांबले. आटोपल्यावर तिने नातीला माझ्यासाठी पाणी आणायला पिटाळलं आणि मला जवळ बसवलं.

"बाई, हिला योगा शिकवायचाय. आपले नियम मी सगळे सांगितलेत. ते पाण्याचं विचारते, कशाला म्हणून. कुठल्या ग्रंथात आहे ते?"

नात पेला घेऊन समोर उभी होती. दोघी माझ्याकडे बघत होत्या.

"आहे एका," मी म्हणाले. "फार जुना आहे."