मावशीचा एकच फोन

बारा घडीच्या खुर्च्या एका खेपेत वर नेता येतात, हा माझा स्वतःबद्दलचा गैरसमज दुसऱ्या मजल्याच्या जिन्यावर दूर झाला. खुर्च्या धडाधड खाली गेल्या. त्यांच्यामागून, मला ओलांडून, शिंपीदादा गेले. अनवाणी.

दोन वर्षांपूर्वी भर बाजारात एकाने गोळ्या झाडून नऊ माणसं मारली. शिंपीदादा कापडाच्या ताग्यांमागे लपून वाचले. तेव्हापासून दुकान बंद, झोप बंद. माझी मावशी समुपदेशक. अशांना नेमका कशाने आराम पडतो, याचा तिच्या संस्थेत अभ्यास चालतो. पहिल्या तीन बैठकांत शिंपीदादा नुसते दाराकडे बघत बसले. पाचवीत चक्क हसले. दुकान उघडायचं म्हणाले. सहावीला माझ्या खुर्च्या.

"मी जाऊन पाय धरतो त्यांचे."

"तू आधी जिना मोकळा कर!"

निघून गेलेल्या माणसाला फोन एकच करायचा, हा मावशीचा नियम. गोळीबाराच्या दिवशी त्यांच्या हातात काहीच नव्हतं. निदान इथे यायचं की नाही, हे तरी त्यांच्या हातात हवं. (माझ्या लग्नासाठी हीच बाई सात वर्षं माझ्या मागे लागलीय, ते वेगळं.)

"दादा, आवाज खुर्च्यांचा होता," ती फोनवर म्हणाली. "भाच्याने पाडल्या. धडधाकट आहे, पण अक्कल बेताची. दार मी लावायला हवं होतं, ती चूक माझी. गुरुवारी चारला मी इथेच आहे. तुमच्या चपला पाठवून देते."

"अगं, चपला राहू दे ना! त्या निमित्ताने तरी येतील."

"निमित्ताने नकोत," म्हणत तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि वहीत लिहिलं, 'भाच्यामुळे व्यत्यय'. संशोधनात माझं नाव यावं अशी आईची फार इच्छा होती.

गुरुवारी चार वाजले. चार दहा. ते आले नाहीत, तर दुकानाचं शटर काही वर जात नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण बाईसाहेब निवांत पेन्सिलींना टोक काढत बसलेल्या. घालमेल सगळी माझ्याकडे.

"मावशी, खरं सांग, इतकी वर्षं अभ्यास करून माणसाच्या मनाबद्दल तुला शेवटी कळलं तरी काय?"

"जिन्यात शिंपीदादा आलेत, तू बाहेर हो."