पैसं आलं का गो, ताई?

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. एक बाकडं ठेवायचं आणि नेटवर्क खराब असलं पाहिजे, बस्स! माझ्याकडे दोन्ही आहेत.

पनवेल-उरण रस्त्यालगतच्या आमच्या गावात, घराच्या पडवीत माझं काउंटर आहे. एक टेबल, एक लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन. बँकेत न जाता लोक इथेच अंगठा लावतात आणि आपल्या खात्यातले पैसे काढतात. सरकारने बायकांच्या खात्यात दर महिन्याला थेट पैसे टाकायला सुरुवात केली, तेव्हापासून माझं बाकडं पुरत नाही. "पैसं आलं का गो, ताई?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकते की झोपेतसुद्धा "अजून नाही" म्हणते, असं माझा नवरा सांगतो.

नेटवर्क अडलं आणि स्क्रीनवर तो गोल फिरायला लागला की बायकांची तोंडं सुटतात. मी कळंबोलीत वाढलेली, बिल्डिंगमधली मुलगी. सून म्हणून इथे आले तेव्हा गावात कुणालाच ओळखत नव्हते. आता त्या गोलाच्या कृपेने सगळ्यांच्या घरातलं कालवणसुद्धा मला माहीत असतं!

*

हिराआजी खाडीकाठची कोळीण. जन्मभर मासे साफ केले, खडकावरची कालवं फोडली. हातावरच्या रेषा कधीच झिजून गेलेल्या. पहिल्यांदा पैसे काढायला आली आणि मशीन तिला ओळखेचना!

उजवा अंगठा लावला, लाल दिवा. डावा लावला, लाल दिवा. बोटं पुसून झाली, साबणाने धुऊन झाली, खोबरेल लावून झालं. मागच्या बायका चुळबुळायला लागल्या. आजीचा चेहरा उतरला. इथे झालं नाही तर पनवेलच्या शाखेत जाणं आलं, म्हणजे दिवस मोडला आणि टोपलीतली मासळीही गेली.

"सगली बोटां लावून बगितली गो. आता पायाची लावू काय?" ती वैतागून म्हणाली.

"आजी, ती डावी करंगळी राहिली बघा."

तिने करंगळी टेकवली. गोल फिरला, फिरला... आणि हिरवा दिवा! बाकड्यावरच्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. आजीने करंगळीचा मुका घेतला.

पुढे एकदा मी मासळी घ्यायला तिच्याकडे गेले. आजी सपासप बोईट कापत होती, पण डाव्या करंगळीला कापडाची चिंधी गुंडाळलेली, आणि ती करंगळी सुरीपासून लांब, ताठ उभी!

"आजी, लागलं का बोटाला?"

"लागल काय? ह्या बोटाला मी आता कामाला लावतच नाय," आजी म्हणाली. "ती सरकारी नोकरीला हाय!"

*

रंजनाचा नवरा दशरथ न्हावा शेवा बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. माणूस कष्टाळू, पण घरात उचलून पाण्याचा तांब्याही घेणार नाही. रंजनाच्या खात्याला मोबाईल नंबर त्याचा जोडलेला. त्यामुळे तिचे पैसे आले की मेसेज त्याला जातो, आणि तो काही तिला सांगत नाही.

तरी गावात सगळ्यांच्या आधी माझ्याकडे कोण पोचतं? रंजना!

"तुला कसं कळतं गं?" मी विचारलं.

"सकाली मी उठायच्या आदी ह्यांनी चा ठेवला ना, का समजायचा, पैसं आलं. मंग चा देता देता हलूच म्हनतात, 'टायरचा काम निगलाय गो.' मी चा पिते, कपडे बदलते, नि ते अंगोलीला गेले का सरल तुज्याकडं!"

मला तिची काळजी वाटली. स्वतःच्या पैशांची बातमी बाईला अशी चहावरून कळावी? मी फॉर्म काढला. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता तुझा स्वतःचा नंबर जोडू. मेसेज तुलाच येईल."

रंजनाने माझा हातच धरला.

"नको गो ताई! लग्नाला इतकी वर्सां झाली, आता कुटं हातात चा मिलतोय. नंबर बदललास तर चा बंद होल!"

*

गंगूबाई आणि तिची सून वैशाली एकाच घरात राहतात, एकाच चुलीवर जेवतात, पण माझ्याकडे कायम वेगवेगळ्या वेळी येतात. दोघींचेही पैसे येतात. एकदा मात्र आक्रीत झालं. दोघी एकत्र आल्या, एकत्र पैसे काढले आणि पनवेलला जाऊन मिक्सर घेऊन आल्या. निम्मे सासूचे, निम्मे सुनेचे. गल्लीत पेढे वाटले!

महिनाभरात वाजलं. कारण काय, तर सुक्या बोंबलाच्या चटणीत मीठ जास्त झालं. वैशाली म्हणाली, "मिक्सर माजा पन हाय, मी लावेन तसा लावेन." गंगूबाई तडक उठली. मिक्सरचं भांडं उचललं आणि आपल्या खाटेखाली ठेवलं. मग वैशालीनेही खालचं मोटारीचं धूड उचललं आणि आपल्या कपाटात घालून कुलूप लावलं!

त्या दिवसापासून तोच रिवाज पडला. पटत असलं की भांडं आणि मोटार एकत्र येतात. बिनसलं की पुन्हा पाटा-वरवंटा.

गंगूबाईचा मुलगा नितीन कळंबोलीच्या लोखंड बाजारात कामाला आहे. एकदा मी त्याला म्हटलं, "तुझे हालच होत असतील रे दोघींच्या मध्ये."

"छे वहिनी! उलट बेस झालाय. आदी घरात काय चाललंय ता मना आत गेल्यावरच समजायचा. आता उंबऱ्यावर हुबा राहून ऐकतो. मिक्सरचा आवाज आला तर चपला काढतो. पाट्याचा आला तर तसाच नाक्यावर परत!"

*

आमच्या गावात ज्यांची शेतं सरकारी प्रकल्पात गेली आणि पैसे मिळाले, त्यांच्या दारात गाड्या आहेत. ज्यांच्याकडे शेतच नव्हतं, त्यांच्या दारात कोंबड्या. पैशांचा अर्ज मात्र दोन्ही दारांतून गेलेला.

एक दिवस बातमी आली की घरोघर तपासणी होणार आणि ज्यांच्याकडे चारचाकी आहे त्यांचे पैसे बंद होणार. झालं! वरच्या आळीने आपल्या गाड्या रातोरात खालच्या आळीत नेऊन लावल्या. आणि खालच्या आळीला काय कमी डोकं? त्यांनी आपल्या गाड्या आणून वरच्या आळीत लावल्या!

सकाळी अंगणवाडीच्या सुरेखाताई कागद घेऊन आल्या. आमच्या दारासमोर पांढरी, चकाचक गाडी.

"ही कुणाची?"

"काय म्हायती बाय," शेजारची म्हणाली.

"आणि ही लाल?"

"कुनीतरी लावून गेलाय."

सुरेखाताईंनी अख्खी आळी पालथी घातली. खाली गेल्या, तिथेही तेच. गावभर गाड्याच गाड्या, मालक कुणी नाही! बायका डोक्यावर पदर घेऊन गरिबासारख्या उभ्या.

सुरेखाताई याच गावच्या लेकी. शांतपणे पेन पर्समध्ये ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं फोनवर म्हणाल्या, "साहेब, गावात बऱ्याच बेवारस गाड्या सापडल्यात. क्रेन पाठवून द्या."

दोन्ही आळ्यांतली दारं धडाधड उघडली. कुणी बनियनवर, कुणी अर्धी दाढी केलेला, कुणी तोंडात ब्रश धरून, पण प्रत्येकाच्या हातात चावी!

फोनवर कुणीच नव्हतं, हे सुरेखाताईंनी मला नंतर सांगितलं.

*

यशोदाकाकूचा नवरा गेला तेव्हा मुलं लहान होती. तेव्हापासून ती पनवेलच्या टॉवरमध्ये घरकाम करते. तिचे पहिले पैसे आले तेव्हा ते कुठे लावायचे हे ठरवायला घरात बैठक बसली. मोठा मुलगा म्हणाला, पत्रे बदलू. धाकटा म्हणाला, बाईकचा हप्ता. सून म्हणाली, पोरीचा क्लास. काकू ऐकत होती. दुसऱ्या दिवशी माझ्याकडून पैसे काढले आणि एसटीत बसून गेली ती संध्याकाळपर्यंत घरी नाही!

मुलं गावभर शोधत फिरली. धाकटा माझ्याकडे आला तेव्हा रडवेला झाला होता. "आयशीला कुनी फसवलं तर नाय?"

दिवेलागणीला काकू आली. हातात काही पिशवी नाही, तोंडावर मात्र हसू.

"कुठे होतीस?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

घरात तिने काही सांगितलं नाही. मला सांगितलं. ज्या टॉवरमध्ये ती काम करते त्याच्या खालीच एक हॉटेल आहे. एसीवालं, काचेच्या दाराचं. इतकी वर्षं ती त्या काचेसमोरून येत-जात होती. त्या दिवशी आत गेली आणि मधल्या मोठ्या टेबलावर बसली. मसाला डोसा मागवला.

"वेटर आला नि माज्या पुढं उबाच. इकडं बगतो, तिकडं बगतो. मंग विचारतो, 'मावशी, अजून कोण येणार आहे?'"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, नाय रं बाबा. मी आलेय ना!"

*

डोंगरापलीकडच्या आदिवासी वाडीवरून सोनी येते. दिवाळी झाली की त्या वाडीवर वीटभट्टीच्या मुकादमाचा टेम्पो येतो. मुकादम आधी हातावर आगाऊ पैशांची उचल ठेवतो आणि मग अख्खं कुटुंब चूलभांड्यांसकट पावसाळ्यापर्यंत लांबच्या भट्टीवर. सोनीची मुलगी मंगल हुशार. पण दरवर्षी तिची शाळा दिवाळीपर्यंतच. पुढच्या वर्षी मागचे अर्धे धडे न शिकताच वरचा वर्ग.

सोनीचे पैसे येऊ लागले. ती डोंगर उतरून यायची, अंगठा लावायची, आणि पैसे काढायचीच नाही! माझं मशीन खात्यातली शिल्लक हिंदीत मोठ्याने बोलून दाखवतं. तेवढं ऐकायची, मान हलवायची आणि म्हणायची, "ऱ्हाऊ दे तितंच." पुन्हा डोंगर चढून घरी.

एकदा तिचा नवरा काळू सोबत आला. "काढ ना थोडे," तो म्हणाला.

"अंगठा माजा हाय," सोनी म्हणाली.

काळू माझ्याकडे बघून कसनुसा हसला. मी मशीनकडे बघत राहिले.

ती दर महिन्याला यायची, ऐकायची, जायची. मध्येच रानभाजी विकून आलेले पैसेही माझ्याकडे आणून खात्यात भरायची. कशासाठी, ते कधी बोलली नाही. मंगल तेव्हा दहावीत गेली होती.

दिवाळी झाली. एका दुपारी माझ्या दारात टेम्पो थांबला. पुढे काळू, मागे मुकादम आणि सगळ्यात मागून सोनी. बाकड्यावरच्या बायका सरकून बसल्या.

मुकादम गोड बोलणारा माणूस. खिशातून नोटा काढून त्याने हातात धरल्या होत्या. "ताई, तुम्हीच समजवा हिला. वाडी सगळी टेम्पोत बसली, ही एकटी अडून बसलीय. म्हणते, पहिलं ताईकडे चला. अगं बाई, भट्टीवर आली नाहीस तर पावसाळ्यापर्यंत खाशील काय? हा काळू तयार आहे. उचल वाढवून देतो, चल!"

काळू नोटांकडे बघत होता. सोनीने पदराला हात पुसले, पुढे आली आणि मशीनवर अंगठा टेकवला.

"ताई, बोलव मशीनला."

मी आवाज मोठा केला. गोल फिरला. आणि मग मशीनने त्याच्या त्या हिंदीत, एकेक आकडा सुटा करत, सोनीच्या खात्यातली शिल्लक सांगितली. मुकादमाच्या हातातल्या उचलीपेक्षा तो आकडा मोठा होता.

सोनी मुकादमाकडे वळली.

"त्याचा बोलून झाला," ती म्हणाली. "आता तू तुजा बोल."

मुकादमाने हातातल्या नोटा काळूपुढे धरल्या. काळूचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. तो टेबलापाशी आला, मशीनजवळ कान नेला आणि मला हळूच म्हणाला,

"ताई, अजून एकदा लाव ना."