लेकराच्या डोक्यावरची शपथ

मनिषा सिस्टरची सुई कमी टोचायची, जीभ जास्त. पालम तालुक्यातल्या एका लहानशा दवाखान्यात तिची अर्धी उमर गेली. अडलेल्या बाळंतिणीसाठी ती जेवतं ताट सोडून धावायची. पण कुणी जास्तीच्या गोळ्या खाऊन आलं की तिचं डोकं फिरायचं.

"मरायचंच व्हतं तर हितं कशाला आलीस? लेकराचा इचार न्हाई आला?"

मग लेकराला पलंगाजवळ आणायला लावायची, आईचा हात त्याच्या डोक्यावर ठेवायची आणि 'पुन्हा असं करणार नाही' अशी शपथ घालायची. आई रडायची, नातेवाईक डोळे पुसायचे आणि झाली सुट्टी. परभणीला मनाच्या डॉक्टरला दाखवा, असं कुणी म्हणायचं नाही. शपथ घेतली की उपचार संपला! सगळ्यांनाच हे भारी सोयीचं होतं. मी तिची शेजारीण, म्हणून बोलते.

वैष्णवी नावाच्या एका पोरीनंही अशीच शपथ घेतली होती, तिच्या लेकाच्या, योगीराजच्या डोक्यावर हात ठेवून. काही महिन्यांनी सासू कस्तुराबाई तिला जीपमध्ये घालून घेऊन आली. "परवापासून उलट्या करायलीय, सिस्टर. पित्त झालंय म्हनती."

वैष्णवीचे डोळे पिवळे पडले होते. मनिषाला पाहताच तिनं तोंड भिंतीकडं फिरवलं. सासूला बाहेर पाठवून मनिषानं विचारलं, तेव्हा ती बोलली.

"पुन्यांदा खाल्ल्या गोळ्या. मग लय भ्या वाटलं, लगेच यायचं व्हतं. पन तुमाला काय तोंड दाखवू? शपथ मोडली मी. माझ्या लेकराला काई झालं तर?"

मनिषा तशीच डॉक्टरांना बोलवायला धावली. लगेच आली असती तर एवढं झालं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. उशिरानं लिव्हर खराब झालं होतं, नांदेडला हलवावं लागलं. ती तिकडं असताना मनिषा एका संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसली. मला म्हणाली, "अक्का, पोरगी मला भ्याली. म्हनून उशीर झाला." मी समजूत घालणार होते, पण खरं होतं ते.

वैष्णवी वाचली. मनिषानं शपथ घालणं बंद केलं. डॉक्टरांशी भांडभांड भांडून तिनं परभणीच्या मनाच्या डॉक्टरांना बाजाराच्या दिवशी दवाखान्यात यायला लावलं. त्या दिवशी गावात कशाला आलीस, असं बाईला कुणी विचारत नाही. घरी सोडताना आता ती एवढंच सांगते, "परत तसं वाटलं तर माझ्याकडं या. खाल्ल्या असल्या तरी या. मी रागावनार न्हाई."

एका बाजाराला वैष्णवी आली. डॉक्टरांशी बोलून झालं तरी जाईना. "सिस्टर, ह्याला नुसती सर्दी झाली तरी माझ्या जिवाचं पानी व्हतंय. ती शपथ सुटली म्हना ना. तुमीच घातली व्हती."

मनिषानं योगीराजच्या डोक्यावर हात ठेवला. "सुटली," ती म्हणाली, आणि खात्रीसाठी परत एकदा म्हणाली.

तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ती एसटीनं गावोगाव जाते, आठवेल त्या बाईचं दार वाजवते, शपथ सोडवायला. परवा मलाही सोबत नेलं. एका घरात, जिची शपथ सोडवायला गेलो तिचाच फोटो भिंतीवर होता, हार घातलेला. तिचं पोरगं पाणी घेऊन आलं. मनिषाचा हात त्याच्या डोक्याकडं गेला आणि तसाच मागं आला.

त्याच्या हातचं पाणी प्यायचा तिला धीर झाला नाही.