न्हाणीपुरती सवलत

आमचं घर शंभर वर्षं जुनं आहे, हे दाखवायला मी ते तीन दिवसांत जुनं केलं.

त्याचं असं झालं. आमच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की शंभर वर्षांपूर्वीचं घर मूळ रूपात जपलं असेल तर घरपट्टी निम्मी. घर पणजोबांनी बांधलेलं, त्यामुळे वयाचा प्रश्न नव्हता. पण मूळ रूप? ते मी निवृत्त झाल्यावर फंडाच्या पैशातून, जातीने उभं राहून पुसून काढलं होतं! चकचकीत फरशी, सरकत्या काचेच्या खिडक्या, छताला पीओपी आणि त्यात निळे दिवे. (ते लावले की ओटीवर बसलेला माणूस आजारी दिसतो.) जुनी उरली होती फक्त परसातली न्हाणी. दगडी, काळोखी; पावसात तिथे आंघोळीला छत्री घेऊन जायचं.

ती पाडून सोमवारी तिथे घराला जोडून नवं बाथरूम होणार होतं. सुनंदाचे, म्हणजे आमच्या हिचे, गुडघे गेलेत. पाच पायऱ्या उतरून न्हाणीत जाताना तिच्या डोळ्यांत पाणी येतं.

"मिस्त्रीला थांबायला सांग," मी म्हणालो. "जिल्ह्याहून मॅडम घर बघायला येणार आहेत. पाडापाडी दिसली तर सवलत गेली!"

"आन माझं गुडघं?"

"चारच दिवस गं!"

"वीस वर्षं झाली, तुमचं चार दिवस काय संपत न्हाईत!"

मी कामाला लागलो. फरशी शेणाने सारवली. गुळगुळीत फरशीला शेण धरेना, वाळल्यावर त्याचे पापड सुटले. खिडक्यांवर गोणपाट ठोकलं. (घरात इतका काळोख झाला की चहात मीठ पडलं.) आता राहिला फ्रिज. त्याला हिची जुनी नऊवारी नेसवली.

मॅडम आल्या. चपला काढून त्यांनी आत पाऊल टाकलं आणि शेणाच्या एका पापडावरून थेट माजघरापर्यंत घसरत गेल्या! फ्रिजला मिठी मारली म्हणून वाचल्या.

"हे काय आहे?"

"भाताची कणगी," मी म्हणालो.

"गुरगुरतेय."

"उंदीर झालेत फार!"

मॅडमनी पदर बाजूला केला आणि दार उघडलं. लख्ख उजेड पडला. आत कालचं बोंबलाचं कालवण.

"उंदरांनी लाइटपण घेतलीय वाटतं," मॅडम म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम फाइल मिटून निघाल्या, पण पाय शेणाने माखलेले. "पाय तरी धुवा," म्हणत सुनंदा त्यांना परसात घेऊन गेली. आणि न्हाणीत पाऊल टाकताच मॅडम थबकल्या.

"चुन्याचं काम! अखंड दगडाची फरशी! काका, दाखवायचं ते सोडून भलतंच काय दाखवत होतात?"

त्यांनी तिथेच नोंद केली. सवलत न्हाणीपुरती. अट एवढीच की ती पाडायची नाही, बदलायची नाही आणि ती वापरात राहिली पाहिजे. त्या सवलतीत गोणपाटाचे पैसेही निघाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. सुनंदाने त्याला माझ्या खोलीच्या दारात उभं केलं.

"ही फोड."

"अगं, माझं टेबल! माझा पलंग!"

"खोली तुमीच नवी केलीया. तिला हात लावाया कोन आडवत न्हाय."

बाथरूम झकास झालं. धरायला दांडे, बसायला स्टूल, गरम पाणी. ती पहिल्यांदा आंघोळ करून बाहेर आली तेव्हा इतकी खूश दिसली, की मला स्वतःचा राग आला. मग मी हळूच टॉवेल उचलला.

"तुमी कुठं?" ती म्हणाली. "न्हाणी वापरात पायजे ना?"

तेव्हापासून ती मी वापरतो. गेल्या रविवारी मॅडम कॉलेजची पोरं घेऊन न्हाणी बघायला आल्या. मी आत, नखशिखान्त साबण. दाराला गोणपाटाचा पडदा. (मूळचं दारच नव्हतं, त्यामुळे नवं बसवता येत नाही!) एका पोरीने तो उचलला आणि तसाच सोडला.

"मॅडम, आत एक आजोबा आहेत! तेपण मूळचेच का?"

परसातून सुनंदाचा आवाज आला, "व्हय, मूळचंच हायत. पन त्यांच्यावर सवलत मिळाली न्हाय!"